पासंग

लाखीशच्या वेशीत, आतल्या दालनात,
भिंतीला लागून दगडी ओटे आहेत.
तिथे गावची वडीलधारी मंडळी बसतात,
आणि ओट्याखाली, सावलीत, माझी पिशवी.

मी वजनं घडवतो. चुनखडीची,
माथ्याला घुमट, तळाला सपाट.
एक शेकेल, दोन, चार, आठ.
वर खूण कोरायची, थुंकी लावून पुसायची,
की दगडाला शब्द फुटतो.

अखबोरसाठी दोन संच केले.
एक द्यायचा, एक घ्यायचा.
घ्यायच्याला तळातून भोक पाडलं,
शिसं ओतलं, वरून चुन्याचा लेप.
खूण दोन्हींवर तीच. हात तोच.

होग्लाने नवरा पुरायला आठ शेकेल चांदी घेतली होती.
सुगी झाल्यावर फेडायला आली,
फडक्यात बांगडीचे तुकडे, वाकलेली कर्णफुलं.
ओतली. तिचं पारडं वरच.
नाकातली कडी काढून टाकली. वरच.
मग तिने पारड्याकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.

अखबोर म्हणाला, "दगड तुझाच ना?"
"माझाच."
"खरा?"
दगडाखाली हात अडकलेला माणूस
जे बोलतो, ते मी बोललो.
ओट्यावरचे सगळे दाढी कुरवाळत म्हणाले,
साक्ष झाली.

आमच्या बोलीत दगडाला *एवेन* म्हणतात, मुलाला *बेन*.
लिहिताना फरक एका अक्षराचा,
आणि त्या अक्षराला स्वतःचा आवाज नाही.
ते नुसतं पुढे येऊन उभं राहतं, तोंड मिटून,
आणि मुलाचा दगड होतो.
त्या दिवशी वेशीत
ते अक्षर मी होतो.

यामीन, तिचा धाकटा, नऊ वर्षांचा,
आता अखबोरच्या तेलघाण्यावर असतो.
लांब तुळई, टोकाला दोरांनी टांगलेले दगड,
तेही मीच भोकं पाडून दिलेले.
जैतुनाचा लगदा शेवटचं तेल सोडेना
की मुकादम ओरडतो, "पोरा, लटक!"
तो तुळईला लटकतो.
तेवढ्यासाठी नवा दगड कोण घेतो.

सणाला अखबोरचे मेंढे सगळ्यांत गुबगुबीत.
धूर सरळ वर जातो, लोक म्हणतात, पावला.
डोंगरातून एक शेळ्या राखणारा येतो,
अडखळत बोलतो, शब्द जिभेला चिकटतात,
म्हणतो, हा धूर वर कुणाचे डोळे चुरचुरवतोय, ठाऊक आहे?
पोरं त्याला सुके अंजीर फेकून मारतात.
तो ते वेचतो आणि खातो.
भूक लागलेली असते.

अखबोरचा नातू माझ्या दारात बसून अक्षरं गिरवतो.
खापरावर शहाण्यांचं वचन: *बाळा, माप राख,
म्हणजे रात्री दिवा विझवताना भीती वाटणार नाही.*
अक्षर सुरेख आहे त्याचं.
वाऱ्याने चामड्याची सुरळी उडू नये म्हणून
तिच्यावर त्याने आठाचा दगड ठेवलाय,
शिशाचा.

मी रात्री दिवा विझवतो. काही होत नाही.
फार तर उंदीर फिरतात.
आमच्यात *अखबोर* म्हणजे उंदीरच.
हे आठवून एकदा एकटाच हसलो,
मग बायको जागी झाली, म्हणून थांबलो.

या हिवाळ्यात एक आठाचा दगड
खरा केला. कुणी सांगितलं नव्हतं.
तीन दिवस घासला, जुन्या काशाच्या वजनाशी ताडून,
बापाच्या वेळचं, त्याच्यावर हात फिरला नव्हता कुणाचा.
गिऱ्हाईक नाही. उंबऱ्यापाशी पडून होता.

परवा होग्ला आली. दार धरत नाही म्हणाली,
वाऱ्याने रात्रभर आपटतं,
आडवा लावायला एखादा टाकाऊ धोंडा असला तर दे.
बाकी काही मागितलं नाही.
मी तोच उचलून दिला.
सांगणार होतो, हा कसला ते.

तिने तो तळहातावर घेतला,
जरासा वरखाली झेलला,
बाजार केलेली बाई झेलते तसा,
आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हा नको," म्हणाली,
"आठाची खूण आहे खरी,
पण हलका आहे."