होऊन जाते जी

मोरिशितासानांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढं केलं,
कमरेत वाकून.
डोमाकाकानं हात लुंगीला पुसले,
कार्ड कपाळाला लावलं
आणि खिशात टाकलं, खर्र्याच्या पुडीशेजारी.
मोरिशितासानांचे डोळे त्या खिशापर्यंत गेले
आणि परत आले.
एवढं मी भाषांतरात घेतलं नाही.

नागपुरात तीन वर्षं जपानी शिकले.
नकाराची रूपं वहीभर लिहून पाठ केली,
मग बाई म्हणाल्या, ती सहसा लागत नाहीत.
नाही म्हणायचं असलं की ते
दातांतून हवा आत ओढतात.
आमच्या आंधळगावात तेवढी हवाही खर्च होत नाही.

मागावर कोशाचं ठाण,
मधाच्या रंगाचं, अधूनमधून गाठीचं.
मोरिशितासान त्यावरून बोट फिरवत होते,
न टेकवता.
"दोनशे मीटर. दिवाळीआधी. जमेल?"
काका म्हणाला, "होऊन जाते जी."

आता हे कसं सांगू?
यात सादळलेला ताणा आहे,
ऐनाच्या झाडावर मुंग्यांनी नेलेल्या अळ्या,
ढिवरांकडून अजून न आलेले कोष,
मांडीवर सूत वळणाऱ्या काकीच्या
डोळ्यांत उतरलेला मोतीबिंदू,
आणि दारी आलेल्या माणसाला
तोंडावर नाही म्हणू नये, एवढंच.

"हाय," मी म्हणाले.
काकाला तो आपल्या बोलीतला वाटला,
त्यांना त्यांच्या.
दोघांनी माना हलवल्या.
आणि मग मोरिशितासानांनी
दातांतून हळूच हवा ओढली.
आम्ही जरूर विचार करू, म्हणाले.

"का म्हनते?"
"पाहू म्हणतात."
"पाहू?"
काका एवढा हसला की धोटा हातातून सुटला.
"म्हंजे नाही!
आपल्याच गावचा दिसते ना बा हा."

हे मी सांगितलं. शब्दाला शब्द.
नोकरी गेली असती.
मोरिशितासान आधी गप्प,
मग मागाच्या खड्ड्याकाठी शेणाच्या जमिनीवर
मांडी घालून बसले, पँटसकट.
काकानं चहाची बशी सरकवली.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
"सत्तर होते," काका मागाकडे बघत म्हणाला,
"खरं सांग त्याले."

आकडा भाषांतरात सांडत नाही.

पंधरा दिवसांनी मेल आली:
साठ मीटर. गाठी काढू नयेत.
काकीला विचारलं, कार्ड कुठं आहे?
सदऱ्यासोबत धुतलं गेलं होतं,
तारेवर चिमट्यानं लावून वाळवलेलं.
अक्षरं शाबूत,
सुपारीचा वास तेवढा राहिला.