पाच मिनिटं

खोकं शुक्रवारी दुपारी आलं.
एप्रिल, नांदेड त्रेचाळीसवर,
आणि आम्ही सगळे पेपर तपासायला लातूरला.
गेटवरच्या इबितवारांनी सही केली.
इंग्रजी चिठ्ठी सोडून दिली,
वर छापलेली बर्फाची चांदणी तेवढी ओळखली,
समोरच्या रसवंतीतून लादीचा तुकडा आणून
गोणपाटात गुंडाळला.
सोमवारी खोक्याला उसाचा वास.

आत करंगळीएवढी बाटली.
तळाशी काही आहे असं वाटतच नाही.
उजेडात तिरकी धरली, तर
पिठीसाखरेचा पुसट श्वास.
किंमत: माझी दोन महिन्यांची फेलोशिप.

त्रेपन्न अक्षरांचा एक शब्द.
कुणाच्या देहातून आलेला नाही.
यंत्राने ओवलाय, मण्याला मणी,
शेवटाकडून सुरुवातीकडे,
कुणी उलटा पाढा म्हणावा तसा.
तरी पेशीला तो घरचाच वाटतो:
वाढ.

तो नीट ऐकू यावा म्हणून
पेशींना आधी उपाशी ठेवायचं.
भरल्या पोटी त्या सगळ्यांचंच ऐकतात.
रात्री सीरम काढून घेतलं.
निखत म्हणाली, “यांचा रोजा
माझ्याआधी लागला,”
आणि सकाळी तिनेच घड्याळ लावलं.

पाच मिनिटं.
दारावर दोन-दोन कड्या जुळतात,
आत निरोप पळत सुटतो,
या हातातून त्या हातात,
पार केंद्रकाच्या उंबऱ्यापर्यंत.
मग बर्फ.
असाल तिथे थांबा.

दुसऱ्या दिवशी फिल्मवर काळी रेघ.
जरा तिरकी, एका कडेला फुगलेली,
सर म्हणतील पुन्हा कर.
पण रेघ आहे.
इबितवारांचा बर्फ पुरला,
की पावडरच मुळात चिवट होती, कोण जाणे.

सांगायला गेले, तर विचारतात,
“व्हतं काय मॅडम त्याच्यात?”
“पेशींना वाढा म्हणून सांगायचं औषध.
म्हणजे, औषध नाही. निरोप.”
ते जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
“आमचा नातू सातवीत हाय.
बाकावर बसला की पाय टेकत न्हाईत.”

बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलंय:
केवळ संशोधनासाठी.
मी ते मराठीत सांगायला लागले.
फार लांबलं.
“बरं,” म्हणाले.

खोकं मात्र मागून घेतलं.
त्यात पाण्याची बाटली गार राहते.