रवे किती उचलले?

मार्केट यार्डात, काट्याला टेकून,
मी मोबाईल धरतो बाळगोंडाकाकांपुढं:
चार दिवस सलग हिरवं,
बावन्नचा शेअर एकसष्टला.

काका चष्मा कपाळावर सारतात.
"आन् खालच्या ह्या बुटक्या काड्या?"
व्हॉल्यूम, म्हणतो मी.
किती माल हातांतून फिरला, ते.

"मग नुसती बोलीच चढलीया, लेका.
मुहूर्ताच्या पहिल्या रव्याला
सोन्यागत भाव बोलत्यात,
हार काय, फोटो काय!
भाव खरा का खोटा
ते दुसऱ्या दिवशी कळतंय,
हमालांच्या पाठीवर."

ओट्यावर दोघं हमाल निजलेत,
उशाला रिकामी पोती.
एक मुंगळा काट्यावरून निवांत चाललाय.

माझा अंगठा गुळानं चिकट.
'खरेदी'वर नुसता
डाग उमटतो.