शेपटीतलं इंजिन

विमान थांबलं की सगळे बघतात दरवाजाकडे.
मी बघतो शेपटीकडे.
तिथल्या धुराड्यामागं हवा थरथरते,
आणि तिच्यातून मुहर्रकचा मिनार
पाण्यात बघावा तसा वाकडा दिसतो.

पंखांखालची मोठी इंजिनं बंद झाली
तरी शेपटीतलं छोटं चालूच राहतं,
आतले दिवे, आतला गारवा,
आणि कुणाला तरी हवी असलेली कॉफी, यांच्यासाठी.

त्याला झोपवायचं, एवढंच माझं काम.

वायर मनगटाएवढी जाड,
भिजल्या जाळ्यासारखी जड.
जूनमध्ये तिचं रबर हातमोज्याला चिकटतं.
खांद्यावरून ओढत पुढच्या चाकापाशी न्यायची,
झाकण उघडायचं, सहा खिळे सहा भोकांत,
हिरवा दिवा. मग गार हवेचा पिवळा पाइप.
मग काचेमागच्या कॅप्टनकडे बघत उभं राहायचं.

दाभोळच्या धक्क्यावर बाप लाँचला दोर बांधायचा.
लाँच त्याच्याकडे बघत नसे.
कॅप्टनही बघत नाही कधी कधी.

पण बघितलं, अंगठा दाखवला,
की आवाज उतरायला लागतो,
गिरणीचा पट्टा काढल्यावर उतरतो तसा,
आणि कुंपणापलीकडचं गाव ऐकू येतं:
कुणी गच्चीवर सतरंजी झटकतंय,
कुणाची मोटरसायकल सुरू होत नाहीये.

बदरिया त्याच गल्लीतली.
कुंपणावरच्या पेटीतून ती दर रविवारी
पापडाएवढा एक कागद काढते.
आठवडाभर त्यानं हवा गाळलेली असते.
मला म्हणाली, हमदुले, हे बघ.
हे तांबूस, ही शमालची धूळ, इराकवरून आलेली,
तिला आपण काही करू शकत नाही.
हे काळं मात्र आपलं.
तिच्या आईच्या वाळत घातलेल्या दुपट्ट्यांवर
हेच काळं बसायचं, म्हणाली,
आणि आई शेजारणीच्या चुलीला शिव्या द्यायची.

शशिधरनचा डिझेल ट्रॅक्टर गेला, विजेचा आला.
आठ दिवस तो त्यावर रुसून बसला,
माकडहाडात इंजिन जाणवत नाही म्हणून.
शिवाय आवाजच नाही,
डंबर दोनदा चाकाखाली येता येता वाचला.
मग शशीनं बाजारातून बकरीची घंटा आणून
पुढं बांधली.
तीन दिवस सामानाच्या गाड्या किणकिणत गेल्या.
चौथ्या दिवशी सेफ्टीवाल्यानं लिहिलं,
'अनधिकृत उपकरण', आणि सोडून नेली.
आता तो तोंडानंच हाकारे घालतो.
तोंडाला कलम लागत नाही.

चौदा नंबरची वायर जळाली तेव्हा
पाच दिवस नवी आली नाही.
पाच दिवस तिथं प्रत्येक शेपटी बोंबलत राहिली
आणि मी रिकाम्या हातांनी खाली उभा.
त्या रविवारी बदरियानं कागद दाखवला नाही.
पाकिटात घातला, तारीख टाकली,
आणि वरच्या मजल्यावर घेऊन गेली.
सोमवारी वायर आली.

उडाल्यावर ते किती जाळतं, मला माहीत आहे.
आकाशात माझी वायर पोचत नाही.
जमिनीवरची चाळीस मिनिटं, तेवढी माझी.
कुणी म्हणेल, चाळीस मिनिटांनी काय होतं?
त्यानं तो कागद बघावा.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली.
मीही याच धुरात घरी चाललो होतो,
खिडकीची सीट, पायाशी खजुराचा डबा.
शेपटी चालू होती.
खाली वाकून बघितलं: वायर आकड्यालाच लटकलेली,
आणि नवा पोरगा फोनवर.
सात मिनिटं मोजली. आठ.
उठलो, तर मुलगी म्हणाली, सर, बसून घ्या.
काचेवर अंगठी वाजवली.
त्याला ऐकू जाणार नव्हतं, तरी.

मग कुणीतरी खालून ओरडलं असावं, बहुतेक डंबर.
पोरगा पळाला.

डोक्यावरचे दिवे एकदा मिचकले.
मागं काहीतरी उतरत उतरत गप्प झालं.
शेजारचा म्हणाला, वीज गेली काय?
नाही, म्हटलं,
आली.