तेवीस किलो

भंगारवाल्या इस्माईलचा काटा मागून आणलाय,
हुकाचा, पितळी, जरा डावीकडे मान टाकलेला.
शद्रक म्हणतो, हा घेताना कमीच दाखवतो,
अर्धा किलो आपण धरून चालू.

माणशी तेवीस.
चार माणसं, चार बॅगा,
त्यातल्या अडीच नुसत्या चष्म्यांच्या.

भायखळ्याच्या मंडळीनं पाच रविवार
दानाच्या थैलीशेजारच्या खोक्यात टाकलेले चष्मे.
दोरीचे, एका काडीचे, चिकटपट्टीचे,
बरेचसे वारलेल्यांचे.
मोझेस मास्तरांचाही त्यात आहे,
बाटलीच्या बुडासारख्या काचांचा.
वहीतल्या चुका त्यांना उशिरा दिसायच्या,
तोंडावरचं खोटं आधी.

शद्रक दुकान बंद करून आला की
रात्री एकेक नंबर काढतो.
अधिक दोन. उणे साडेतीन.
अनुग्रहा चिठ्ठ्या लिहिते,
आणि तीमथ्य मोबाइलवरून तिकडची भाषा पाठ करतो.
मुली ब्वांजी, म्हणजे कसे आहात.
मुलांना पण मुलीच म्हणायचं?
अनुग्रहा हसता हसता चिठ्ठ्यांवर लोळते,
अधिक दोन उणे साडेतीनमध्ये जातात.

माझ्या पणजोबांना दुष्काळात
नगरकडच्या मिशनच्या आवारात कुणीतरी सोडलं.
मडमेनं त्यांना घंगाळात बसवून घासलं,
नवं नाव दिलं, सदरा दिला
घोट्यापर्यंत येणारा.
ही आमच्या घरची साक्ष.
नाताळात, बारशाला, मयतीत सांगितली जाते.
जुनं नाव काय होतं, ते साक्षीत नाही.
सदरा आवडला होता का, तेही नाही.
त्या सदऱ्यामुळे मी नर्स झाले, हे खरं.
आणि परवा मी कुणाच्यातरी नाकावर चष्मा ठेवणार,
तेव्हा माझा हात कुणाच्या हातासारखा दिसेल
हे सारखं मनात येतं, हेही खरं.
पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, प्रार्थना करा.
करतेय.

आज दुपारी हौसाबाई जिना झाडत होत्या.
दार उघडं, बॅगा दारात.
कुठं निघालात वहिनी?
मलावीला.
मालवणला? एवढं सामान?
मालवण नाही हो, मलावी. आफ्रिकेत.
चष्मे वाटायला.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.
तिकडं कुणाला दिसत नाही व्हय?
खोचून नाही, खरंच विचारलं.
सोळा वर्षं त्या आमचा जिना झाडतात.
सोळा वर्षं माझा नवरा चष्मे विकतो.

तीन नंबरच्या बॅगेची पट्टी मी दातांनी तोडली.
पायरीवर बसवून एकेक लावून पाहिला.
शद्रकनं लाइटचं बिल समोर धरलं.
मला कुठं वाचाया येतं, म्हणाल्या, सुई द्या.
सहाव्या चष्म्याला दोरा पहिल्या झटक्यात गेला.
फ्रेम गुलाबी, बायकी, कडेला खडे,
एक खडा पडलेला.
दुसरी दाखवू का? शद्रकनं विचारलं.
नको, हीच.
मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या,
तुमचे केस लई पिकले की वहिनी.

मला वाटलं, आता आभार मानतील.
मी मनातल्या मनात नको नको म्हणायची तयारीही केली होती.
त्या जिन्याकडे बघत होत्या.
कोपऱ्यांकडे, कठड्याच्या खाली,
पायरी भिंतीला मिळते तिथल्या काळ्या रेघेकडे.
अगं बया, एवढंच म्हणाल्या.
आणि झाडू उचलून
वर चौथ्या मजल्यावर गेल्या,
झाडून झालेला जिना पुन्हा पहिल्यापासून झाडायला.

आम्ही बॅग परत काट्याला लावली.
एक चष्मा गेला, काट्याला पत्ता नाही.
बावीस, म्हणाला शद्रक, इस्माईलचे बावीस.
तीमथ्य दारात उभा राहून
खाली खाली येणाऱ्या झाडूच्या आवाजाला
हळूच म्हणून बघत होता,
मुली ब्वांजी.