लांबचं चाक आधी

ब्रेकच्या नळीतली हवा एकट्याने काढता येत नाही.
एकाने वर बसून पेडल दाबायचं,
एकाने खाली, चाकामागे, चिखलात पडून
नखाएवढा निपल पाव फेरा सैल करायचा,
आणि दोघांनी एकमेकांचं ऐकायचं.
अडचण होती ती इथेच.

बाबा आणि इवर्टकाका नऊ वर्षं बोलत नव्हते.
कुंपणाचं फाटक कुणी उघडं टाकलं
आणि लोकर कातरायच्या आदल्या दिवशी
दोन्हीकडच्या मेंढ्या एक झाल्या कशा,
यावर आमच्या वेस्ट फॉकलंडमध्ये
अजून दोन मतं आहेत.

गाडी आजोबांची. लँड रोव्हर, सिरीज टू.
अंग अ‍ॅल्युमिनियमचं, गंजत नाही असा तिचा लौकिक;
चासीला मात्र समुद्र आतून खात होता.
बाबांनी तिला उसनवारीवर जगवली होती:
बिजागऱ्या शेडमागच्या मेलेल्या गाडीच्या
(तिच्यात आता रानबदकं अंडी घालतात),
सायलेन्सरला दूध पावडरच्या डब्याचा पत्रा,
सीटच्या पोटात आमच्याच मेंढ्यांची लोकर.
ब्रेकचा सिलिंडर तेवढा नवा,
बोटीची सात आठवडे वाट बघून आलेला.

निपल गंजून बसलेला. दोन रात्री त्याला तेल पाजलं,
तिसऱ्या दिवशी ब्लोलॅम्पने शेकला,
पान्यावर पाईप चढवून बाबांनी जोर लावला
तेव्हा तो किंचाळला आणि सुटला.
मोडला नाही. "शहाणा आहे," बाबा म्हणाले.

मग पेडलवर मी.
पाय पोचत होते, वजन पोचत नव्हतं.
आईला विचारलं. ती म्हणाली, गुडघा दुखतो.
सकाळीच मी तिला छपरावर पाहिलं होतं,
दातांत खिळे धरून.
तिने रेडिओ उचलला
आणि अख्खं बेट चहा ढवळायचं थांबून ऐकत असताना म्हणाली,
"इवर्ट, आमचं पेडल तळाला जातंय. ओव्हर."

तो आला. वाऱ्याने शेडचं दार
जवळजवळ उपटलं त्याच्या हातातून.
कुणाकडे न बघता सीटवर चढला.
बाबा गाडीखालीच होते. गाडीखाली असलं की
न बघण्याला कारण लागत नाही.
मी एका हातात बॅटरी धरली, एका हातात जॅमची बरणी,
नळीचं टोक तेलात बुडवून.

"दाब," बाबा म्हणाले, गाडीच्या पोटाला.
"धर."
"सोड."
वरून काकाचं, दर वेळी, एकच: "हं."

सगळ्यांत लांबचं चाक आधी. तसा नियमच आहे.
मागचं डावं: बुडबुडेच बुडबुडे, आणि काळं तेल,
विसरून उकळत राहिलेल्या चहासारखं.
मागचं उजवं: मधेच एक मोठा, सावकाश वर आलेला.
"हा कधीचा अडकलाय," बाबा स्वतःशी म्हणाले.
काका म्हणाला, "हं."
पुढचं डावं. पत्र्यावर वारा. पीटच्या धुराचा वास.

पुढच्या उजव्या चाकाशी
काकाचा बूट आणि बाबांचं डोकं
यांत एका पत्र्याचं अंतर.
तेल आता लख्ख, वाळल्या गवताच्या रंगाचं.
बुडबुडा नाही. एकही.
"पुन्हा," बाबा म्हणाले.

"बाबा, हवा तर..."
"बॅटरी नीट धर."

हवा गेली की पेडल पायाला सांगतं;
दगडावर पाय ठेवल्यासारखं लागतं.
काकाला ते केव्हाच कळलं असणार.

"दाब."
"हं."
"धर."
बोटीने आलेलं, महागाचं तेल
थेंब थेंब बरणीत जात राहिलं.
आई मधेच येऊन, न विचारता, डबा उपडा करून
टाकी भरून गेली. लंगडली नाही.

बाहेर काळोख. बॅटरी पिवळी पडत चाललेली.
"सोड," बाबा म्हणाले.
वरून थोडा वेळ काहीच आलं नाही.
मग काका म्हणाला,
"अजून एकदा बघू. मला घाई नाही."