खालचा सूर

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात लिलाव होता.
बिलियर्डचं टेबल आधी गेलं, मग पंखे.
हा शेवटी. यादीत लिहिलेलं :
मोठं फिडल, फुटकं, नग एक.
भंगारवाल्या रज्जाकनं लाकडाचा भाव लावला,
मी दोनशे चढवले,
आणि छोट्या हत्तीत आडवा निजवून
डबल बेस जळगावला आणला.
बायको म्हणाली, याले खायाले काय घालू?

पोटात निघालं उंदराचं घरटं, चौकटची राणी
आणि आतल्या फळीवर पेन्सिलीनं :
ऑब्रे, नाताळ, एकोणपन्नास.

सत्तेचाळीस डिग्रीत लाकूड पुन्हा तडकतं.
म्हणून दिवसा ओलं गोणपाट, काम रात्री.
सरस शिजवला तेव्हा गल्लीनं खिडक्या लावल्या.
गजाचे केस सारंगखेड्याहून आणले,
घोडेवाला म्हणाला, शेपूट नेतोस,
मग घोडा कोण घेईल?

दात गेले तेव्हा माझं युफोनियम सुटलं.
तीस वर्षं वरातीत सगळ्यात मागे चाललो.
खालच्या सुराकडे कुणी बघत नाही,
तो थांबला की मात्र
नाचणाऱ्यांचे पाय चुकतात,
कशानं ते त्यांना कळत नाही.

काल राळ लावली. जाड तारेवरून गज ओढला
एकदाच, सावकाश.
फळीवरचे पितळी डबे थरथरले,
माठातलं पाणीसुद्धा.
आतून झोपेतला आवाज :
एवढ्या राती कोनती मालगाडी?

मी काही बोललो नाही.
तिसरी खुंटी अजून घसरते.